वाढवून टाक

दुसऱ्याच्या उतारवयाची तजवीज ज्याने आपल्या हाती घेतली, त्याने दोन गोष्टींचे दायित्व पत्करले असे समजावे. त्या माणसाचे म्हणणे नीट ऐकून घेणे हे पहिले. आणि भयाच्या भरात तो स्वतःचेच अहित करू लागला तर त्याला हात धरून अडवणे हे दुसरे. पहिल्यात चुकले तर कानांचा दोष म्हणून सोडून देता येते. दुसऱ्यात चुकले तर त्याला काय म्हणावे, याविषयी सज्जनांतही मतभेद आढळतो. लातूरच्या रामकिशनरावांच्या मनात मात्र काडीमात्र संदेह नव्हता. त्यांनी त्याला विश्वासघात म्हटले, आणि तो शब्द सख्ख्या पुतण्याला त्याच्याच घरात, त्याच्या पत्नीसमोर ऐकवला.

रामकिशनराव एका डाळ मिलसाठी तुरीची खरेदी पाहतात. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, सौदा निघतो तेव्हा मिलच्या वतीने बोली लावणारे ते. साठी उलटली आहे. डाळ भरडताना उडणारी धूळ इतकी वर्षे छातीत जाऊन बसली, तिचा खोकला आता उठता-बसता येतो, आणि डॉक्टरांनी मिल सोडायला सांगितले आहे. परंतु खासगी चाकरीला निवृत्तिवेतन नसते. हे जाणूनच सव्वा तपापूर्वी त्यांनी दर महिन्याच्या पगारातून ठरावीक रक्कम म्युच्युअल फंडात घालण्याचा नेम धरला होता. लोक याला एसआयपी म्हणतात. तो नेम धरायला लावणारा त्यांचा पुतण्या सुदर्शन. तो नांदेडला असतो आणि लोकांची गुंतवणूक करून देण्याचाच व्यवसाय करतो. बाजार वर जाईल, खाली येईल, आपण नेम मोडायचा नाही, हा त्याचा मंत्र. काकांनी तो गुरुमंत्रासारखा पाळला. आणखी दोन वर्षांनी मिल सोडायची, मग त्या पुंजीतून महिन्याला थोडे थोडे काढून दोघांनी राहायचे, असे रामकिशनराव आणि त्यांच्या पत्नी चतुराबाई यांच्यात ठरले होते.

गेल्या फाल्गुनात शेअर बाजार बराच उतरला. दिवाळीपासून तो घसरतच होता. मोंढ्यात नव्या तुरीची पोती पडत होती आणि बोलणे मात्र त्याचेच चालले होते.

“काय रामकिशनराव,” दुसऱ्या मिलचे खरेदीदार वीरभद्रअप्पा सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, “बाजारात तुमची तूर भिजली म्हणं!”

“भिजू द्या. वाळंल.”

“वाळंल? अहो, मोड आले मोड! माझ्या मेव्हण्यानं सगळं काढून घेतलं. तुम्ही कामून बसून राहिलात?”

“अप्पा, तुरीचा भाव पडला की तुम्ही काय करता? खरेदी थांबवता?”

“थांबवतो कशाला? जास्त भरतो.”

“मग?”

“पण माझी तूर मला दिसती हो! हातात घेऊन दातानं फोडता येती. तुमची कुठं हाय? मोबाइलात!”

सगळे हसले. रामकिशनरावही हसले, परंतु तो टोला त्यांना लागला होता. भाव पडलेला असताना खरेदी वाढवायची हे ज्याच्या हाडीमांशी भिनलेले, त्याने तिथल्या तिथे सर्वांसमक्ष पुतण्याला फोन लावला.

“सुदर्शन, ती एसआयपी वाढवून टाक.”

“काका, तुम्ही पण?”

“मी पण म्हंजे? मीच तर!”

“थोडी का सगळी?”

“सगळी वाढवून टाक. तुझ्या काकूला बी इचारलंय.”

“पक्कं ना?”

“अरे हाव म्हणलो ना! इथं सौदा निघून राहिला. लवकर कर.”

थोड्या वेळाने मोबाइलवर इंग्रजीत एक लांबलचक संदेश आला. त्यातला ओटीपीचा आकडा रामकिशनरावांनी न वाचताच फोनवर सांगून टाकला, आणि अप्पांकडे विजयी दृष्टी टाकून ते पुढच्या ढिगाच्या बोलीकडे वळले.

आता येथे एका शब्दाचा विचार करणे प्राप्त आहे. आपल्या भाषेने अमंगल उच्चार टाळण्यासाठी मंगल शब्दांचा आश्रय घेतला. सुवासिनीची बांगडी फुटली असे आपण म्हणत नाही, वाढवली म्हणतो. नारळ फोडत नाही, वाढवतो. आणि व्यापाऱ्याच्या घरी दुकान कधी बंद होत नाही. दिवसाअखेर ते वाढवतात. शब्दाचा अर्थ उलटा घ्यायचा या रीतीला शास्त्रात विपरीत लक्षणा असे नाव आहे. रामकिशनरावांच्या वडिलांचे कंधारला किराणा दुकान होते. रामकिशन आणि त्यांचे थोरले बंधू त्याच दुकानात वाढले, आणि थोरल्यांचा मुलगा सुदर्शनही. त्या घरात ‘बंद’ हा शब्द निषिद्ध होता. शाळेला सुटी लागली तरी मुले ‘शाळा वाढवली’ म्हणत आणि पाहुणे हसत. त्या घरातल्या माणसाने, बाजार कोसळत असताना, ‘सगळी वाढवून टाक’ असे म्हटले. सुदर्शनने जे ऐकले ते असे: काका दुकान वाढवायला सांगत आहेत.

त्याने सगळे विकून टाकले.

तिसऱ्या दिवशी दुपारी बँकेचा संदेश आला. एवढी रक्कम आपल्या बचत खात्यात एकदम कशी आली हे रामकिशनरावांना प्रथम कळेना. मग कळले. मोंढ्याच्या ओट्यावर ते बसले. तेथूनच त्यांनी नांदेडला फोन केला, आणि ओट्यावरच्या हमालांनी पुढे सांगितले की एवढ्या वर्षांत रामकिशनरावांच्या तोंडून तसे शब्द त्यांनी कधी ऐकले नव्हते.

“पण तुम्हीच म्हणलात ना काका, वाढवून टाक म्हणून!” पलीकडून सुदर्शन पुन्हा पुन्हा म्हणत होता.

“बेइमान! वाढव म्हंजे वाढव! शेंबड्या पोराला बी कळंल!”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नांदेडच्या बसमध्ये बसले. चतुराबाईंना त्यांनी येऊ नका म्हणून सांगितले होते. त्या आधीच पिशवी घेऊन बसथांब्यावर उभ्या होत्या. अहमदपूर गेले, लोहा गेले. मध्ये खोकल्याची मोठी उबळ आली तेव्हा चतुराबाईंनी पाण्याची बाटली पुढे केली, आणि त्यांनी ती हाताने दूर सारली. क्रोध असा असतो की त्याला आपल्या घशाचीही दया येत नाही.

सुदर्शनचे घर विष्णुपुरीला, इंजिनिअरिंग कॉलेजच्या अलीकडे. दीपमालेने, म्हणजे सुदर्शनच्या पत्नीने, दार उघडले, वाकून नमस्कार केला आणि पाण्याचा तांब्या आणला. रामकिशनरावांनी तो घेतला नाही. दारी आलेल्या वडीलधाऱ्याने पाणी नाकारावे, याहून मोठा अपमान आपल्याकडे दुसरा नाही. दीपमालेचा चेहरा पडला.

“काका, बसा तरी,” सुदर्शन म्हणाला.

“बसायला आलो न्हाई. विश्वासघातक्याच्या घरी बसत न्हाईत.”

“शब्दाचा घोळ झाला, काका. मी फोनवर सांगितलं तुम्हाला. आपल्या घरात वाढवणं म्हंजे...”

“दुकान वाढवणं अन् खरेदी वाढवणं यातला फरक तुला कळत न्हाई? चांगला शिकला-सवरलेला तू! मी तुरीचा माणूस. भाव पडला की मी विकीन? अं? मी विकीन?”

दीपमालेला राहवेना. “काका, यांनी इचारलं होतं तुम्हाला. पक्कं का म्हणून. मी इथंच होते.”

“तू मधी बोलू नको, सूनबाई.”

“कामून बोलू नको? काल दुपारपासून यांच्या घशाखाली घास न्हाई उतरला.”

“अन् माझ्या उतरून राहिला का?”

एवढे म्हणून ते थबकले. दम लागला होता. मग पूर्वीपेक्षा खालच्या आवाजात, आणि त्यामुळेच अधिक भयंकर रीतीने, ते बोलले.

“शब्दाचा घोळ झाला. ठीक. मानलं. तुला वाटलं काका घाबरला अन् सगळं काढून मागून राहिला. तसं का असंना. मग मला अडवलं कामून न्हाईस? इतकी वर्षं तूच बोलत आलास ना, पडत्या बाजारात हात लावायचा न्हाई? येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतोस. लोकांच्या पोरांच्या लग्नात बसून सांगतोस. सख्खा चुलता आपल्या हातानं आपलं म्हातारपण विकून राहिला असं तुला दिसलं, अन् तू म्हणलास काय? पक्कं का! भाजीवाला बी एक किलो का दोन म्हणून यापरीस जास्त इचारतो!”

सुदर्शनने मान वळवली. भिंतीवर त्याच्या व्यवसायाची प्रशस्तिपत्रे टांगलेली होती, त्यांच्याकडे तो पाहत राहिला. जेव्हा तो बोलला तेव्हा त्याच्याही आवाजात अजिजी उरली नव्हती.

“ऐकायचंच हाय? मग ऐका. त्या आठवड्यात माझा फोन ठेवायला सवड न्हवती. एक गुरुजी, ज्यांच्या पायावर मी डोकं ठेवतो, मला चोर म्हणले. नायगावचा एक जण घरी येऊन दारात बसला. ज्यांचे पैसे मी दुप्पट करून दिले ते मला शिव्या घालून राहिले होते. मी सगळ्यांशी भांडलो. एकेकाला समजावलं. अन् रोज दीपमालाला सांगत होतो, एक माझे काका हलणार न्हाईत. बघ तू, सगळं नांदेड हलंल, काका हलणार न्हाईत. अन् मग तुमचा फोन आला.”

“मग?”

“मग राग आला मला. लई राग आला. म्हणलं, हे बी तसलेच. जाऊ दे, घेऊ दे काढून, भोगू दे. समजावायची ताकद न्हवती असं म्हणणार होतो मी तुम्हाला. खोटं कशाला बोलू? ताकद होती. इच्छा न्हवती.”

दीपमालेने तोंडावर पदर घेतला. हे तिलाही नवे होते.

रामकिशनराव पुतण्याच्या जवळ आले. त्यांच्या मानेवरची शीर उडत होती.

“म्हंजे,” ते म्हणाले, “तू रागाच्या भरात माझं म्हातारपण मोडलंस.”

“हाव. अन् तुम्ही वीरभद्रअप्पाला तोरा दाखवायच्या नादात मेसेज न वाचता नंबर सांगितलात. तिकडचा हशा अन् अप्पाचा आवाज मला फोनवर ऐकू येत होता, काका.”

तो वार वर्मी बसला. रामकिशनरावांचा हात उगारला गेला. या वयाच्या पुतण्यावर, त्याच्या घरात. तो हात तसाच हवेत राहिला, कारण चतुराबाई त्या दोघांच्या मध्ये येऊन उभ्या होत्या. आतापर्यंत त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर गप्प बसून होत्या, आणि त्यांच्याकडे कोणी पाहिलेही नव्हते.

“मारा ना,” त्या म्हणाल्या. “मारा त्याला. तो बी तुम्हाला मारंल. मी लातूरला जाऊन तुमच्या छातीला तेल लावते, ही याच्या गालाला लावंल. सुदर्शन, पैसे आत्ता कुठं हायत?”

“बँकेत, काकू. काकांच्या खात्यात.”

“अन् बाजार आज कुठं हाय?”

“चढतोय. परवापासून चढून राहिला.”

“म्हंजे तुम्ही दोघं भांडताय तोवर तो चढतोय.”

“हाव.”

“मग हे भांडण कोणाच्या पैशानं चाललंय रे? तुमच्या दोघांच्या? का माझ्या?”

रामकिशनरावांनी उगारलेला हात खाली घेतला.

“याच्या हातून एक छदाम आत जाणार न्हाई,” रामकिशनराव म्हणाले. “मी बँकेत ठेव करणार हाय. कायमची. झालं तेवढं बास.”

“ठेव केली तर मिल कधी सुटंल?” चतुराबाईंनी नवऱ्याला विचारले नाही, सुदर्शनलाच विचारले. “खरं सांग. काकांना बरं वाटंल असं नको सांगू.”

“ठेवीचं व्याज महागाईसंगं जेमतेम चालतं, काकू. काकांना लई वर्षं मिलमधी जावं लागंल.”

“अन् परत फंडात घातले तर?”

“तरी नुकसान हाय. विकलं स्वस्तात, घ्यायचं महागात. वरून नफ्यावर कर. दोनाच्या जागी तीन वर्षं धरा. ते नुकसान मी भरून देतो, काकू. हप्त्या-हप्त्यानं देतो.”

“तुझा पैसा नको मला!” रामकिशनराव कडाडले आणि त्यांना खोकला आला. तो थांबेना. चतुराबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला नाही. त्या उभ्या राहून पाहत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी असले तरी ते दयेचे नव्हते.

“ऐका,” खोकला ओसरल्यावर त्या म्हणाल्या. “हा खोकला तुम्हाला येतो, पण ऐकते मी. तुम्ही मिलमधी एक वर्ष जास्त जाणार. ते वर्ष कोणी फुकट घालवलं? एकानं राग धरला, दुसऱ्यानं तोरा. यात माझं काय चुकलं ते सांगा मला. काकूला बी इचारलंय म्हणलात ना फोनवर? कधी इचारलंत?”

रामकिशनरावांनी मान वर केली नाही. त्यांनी विचारलेच नव्हते. मोंढ्यातल्या चारचौघांत ते वाक्य चांगले दिसले म्हणून ते बोलून गेले होते.

“इचारलं असतं तर मी म्हणले असते, वाढवू नका अन् कमी करू नका. जसं हाय तसं चालू द्या. आता रागाचं काय करायचं ते नंतर करा. माझं वय माझ्या रागासाठी थांबत न्हाई, तुमच्या दोघांच्या तर न्हाईच न्हाई.”

रामकिशनराव खिडकीपाशी गेले. बाहेर ऊन तापत होते आणि विष्णुपुरीच्या धरणाकडून येणारा वारा कोरडा होता. त्यांचा क्रोध शमला असे कोणी समजू नये. तो तसाच होता. पण क्रोधासाठी जी किंमत मोजायची ती आपल्या एकट्याच्या गाठीची नाही, हे त्यांना त्या क्षणी दिसले, आणि जे दिसले ते न दिसल्यासारखे करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

“घाल परत,” ते वळून न पाहता म्हणाले. “पण एक अट हाय.”

“बोला, काका.”

“पुढं कधी मी विकायचं म्हणलो, तर भांड माझ्याशी. आज भांडलास तसा. शिव्या दे. लातूरला ये अन् मोंढ्यात माझी गचांडी धर, त्या अप्पासमोर धर. पण पक्कं का म्हणून इचारून मोकळा होऊ नको. हे जमत नसंल तर आत्ताच सांग. मी दुसरा माणूस बघतो.”

“जमंल,” सुदर्शन म्हणाला. “अन् तुम्ही मेसेज वाचल्याबिगर नंबर सांगायचा न्हाई.”

“न्हाई सांगणार.”

सुदर्शनने संगणक उघडला. “खरेदी करून राहिलो, काका. विक्री न्हाई. खरेदी.” ज्या शब्दाने घात केला तो त्या खोलीत पुन्हा कोणी उच्चारला नाही. मोबाइलवर संदेश आला. दीपमालेने तो शब्दाशब्दाने वाचला, प्रत्येक शब्दाचा मराठीत अर्थ सांगितला. चतुराबाईंनी दोनदा ‘खरेदीच ना?’ म्हणून विचारले. आणि मगच रामकिशनरावांनी आकडा सांगितला. पूर्वी फंडाचे जेवढे युनिट, म्हणजे हिस्से, होते त्याहून कमी पदरी पडले. किती कमी ते सुदर्शनने सांगितले, न लपवता. रामकिशनरावांनी ऐकून घेतले.

जेवायला ते थांबले नाहीत. दीपमालेने पोळी-भाजीचा डबा बांधून चतुराबाईंच्या पिशवीत ठेवला आणि चतुराबाईंनी तो ठेवू दिला. निघताना सुदर्शन वाकला आणि त्याने काकांच्या पायांना हात लावला. अशा वेळी वडीलधाऱ्याचा हात आपसूक मस्तकावर जातो आणि मुखातून चार शब्द निघतात. रामकिशनरावांचा हात गेला. शब्द मात्र निघाले नाहीत. त्यांनी प्रयत्न केला असे चतुराबाई सांगतात. पण राग घशात होता, आणि खोटा आशीर्वाद देण्याइतके ते हलके नव्हते. ते तसेच पायऱ्या उतरून गेले.

जे त्या दिवशी त्यांच्या मुखातून निघाले नाही, ते आम्ही येथे म्हणतो. सुदर्शना, तुझ्या हाती ज्यांनी आपले उतारवय सोपवले आहे, त्यांच्याशी योग्य वेळी भांडण्याचे बळ तुला लाभो. रामकिशनरावांची छाती मोकळी होवो आणि ते तिसरे वर्ष लवकर सरो. दीपमालेने पुढच्या वेळी आणलेला तांब्या भरलेलाच परत न जावो. आणि चतुराबाईंना, ज्यांना कोणी विचारले नव्हते, शांत झोप मिळो.